दोन रंगांचा साबण

मंगळवार, १२ मार्च. सकाळपासून उकडतंय. इस्त्रीचे कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी. बेसिनवरचा साबण संपत आला म्हणून नवा काढला आणि जुनी चकती नव्यावर चिकटवली. वन्संनी साबण बशीसकट उचलून नेला. पुढची सूचना मिळेपर्यंत हात भांड्यांच्या पावडरने धुवायचे आहेत. बेसिनचा नळ अजून गळतो; प्लंबरला निरोप दिला.

वहिनींच्या डायरीतली ही नोंद वाचून वाटेल की घरात फारसं काही घडलं नाही. प्रत्यक्षात त्या सकाळी बेसिनपाशी जो आरडाओरडा झाला, तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीतून वाकून विचारलं होतं, "कोण पडलं?"

पडलं कुणीच नव्हतं. जुन्या साबणाची हिरवी, बिस्किटाएवढी पातळ चकती वहिनींनी ओली करून नव्या गुलाबी साबणावर दाबली होती, तशी त्या चाळीस वर्षं दाबत आल्या होत्या. मागे दात घासत उभ्या असलेल्या त्यांच्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, तोंडातल्या फेसासकट ओरडून सांगितलं, "थांबा! हात लावू नका!"

"अगं बाई! पाल आहे का?"

"पाल कसली! बघा ना, वहिनी. हिरव्याखाली गुलाबी. आणि कडेला, जिथे दोन्ही भेटतात, तिथला रंग बघा. हा आहे माझा आठवा!"

"तोंड धुवा आधी," वहिनी म्हणाल्या. "तुमचा फेस पडतोय आठव्यावर."

हे आठव्याचं प्रकरण काय, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

वन्संनी एका ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं ट्रेसरचं काम केलं. इंजिनिअर पेन्सिलीने यंत्राचा आराखडा काढायचे. वन्सं त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायच्या आणि खालची प्रत्येक रेघ शाईने गिरवायच्या. हात असा की कागदावर श्वासाचाही डाग पडायचा नाही. पण चौतीस वर्षांत स्वतःची म्हणावी अशी एक रेघ त्यांनी मारली नव्हती. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असे. तिच्यात इंजिनिअरचं पूर्ण नाव, तपासणाऱ्या साहेबांची सही, आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ट्रेसरची दोन आद्याक्षरं. पुढे कॉम्प्युटर आले, ट्रेसरांची टेबलं हलवली गेली, आणि वन्सं एक छत्री नि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन निवृत्त झाल्या. भाऊ तोवर गेला होता. वहिनी एकट्या होत्या. दोघींनी एकत्र राहायचं ठरवायला चहाचा एक कप पुरला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात वन्सं जलरंगांची डबी घेऊन आल्या. डोंगर, नद्या, मावळतीचा सूर्य असल्या गोष्टींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना घरातल्याच वस्तूंचं वेड लागलं, आणि तेही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर. पहिलं चित्र केतलीचं. दोन दिवस खपून त्यांनी ते वहिनींसमोर ठेवलं. वहिनींनी चष्मा पुसला, चित्र आडवं धरलं, मग उभं. केतली समोरून होती, शेजारी वरून होती, आणि खाली मधोमध उभी कापलेलीही होती.

"वन्सं," त्यांनी विचारलं, "ही केतली आहे की कारखाना?"

वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण सवय ती सवय. बटणांची डबी असो की दोरीवरचे कपड्यांचे चिमटे, आधी कंपासने मापं, मग पेन्सिलीची बारीक रेघ, मग कोपऱ्यात चौकट, चौकटीत तारीख आणि दोन आद्याक्षरं. रंग त्यानंतर. मजा मात्र अशी यायची की जेवणाची शुद्ध राहत नसे. कांद्याचं साल उन्हात धरलं की त्या लहान मुलीसारख्या हाका मारायच्या, "वहिनी, इकडे या! सोनं बघा, सोनं!" आणि वहिनी पिठाचे हात घेऊन यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "दिसलं. आता ते सोनं चिरून द्या."

फेब्रुवारीच्या शेवटी वन्संनी धीर केला. तेवीस चित्रं पिशवीत घालून त्या बसस्टॉपसमोरच्या फ्रेमवाल्याकडे गेल्या. फ्रेमवाला फटकळ माणूस. त्याने सगळी चित्रं काउंटरवर पत्त्यांसारखी मांडली, कानामागची पेन्सिल काढून डोकं खाजवलं आणि एकेक उचलत सात बाजूला केली.

"ही सात चित्रं आहेत, मॅडम."

"आणि ही बाकीची?"

"हे नकाशे. रागावू नका. या कात्रीचं माप घेऊन लोहार दुसरी कात्री बनवेल. पण हा चिमटा बघा, हा दोरीवर कंटाळलाय. याला मी खिडकीत लावीन."

वन्संना आधी नुसती खिडकी एवढंच ऐकू आलं. मग बाकीचं कळलं. दुकानाची दर्शनी खिडकी अठरा तारखेपासून आठवडाभर रिकामी होती. "पण खिळे आठ आहेत," फ्रेमवाला म्हणाला. "सात लावली तर पुढचा दात पडल्यासारखं दिसेल. अठराला सकाळी दहापर्यंत आठवं आणा. नकाशा नको. नाहीतर माझ्या मेव्हण्याने रंगवलेले घोडे तयारच आहेत. तो रोज फोन करतोय."

त्या दिवसापासून वन्संची झोप उडाली. आपलं काम काचेमागे, रस्त्यावरच्या कुणालाही दिसेल असं! त्यांनी गळका पेला काढून पाहिला, चपलेचा तुटका पट्टा काढून पाहिला. दोन्ही नकाशेच झाले, हे त्यांचं त्यांनाच कळलं. आणि मग बारा तारखेला साबण दिसला.

साबण टेबलावर आला, टेबल खिडकीशी सरकलं, आणि पंचाईत सुरू झाली. साबण मॉडेल म्हणून फार वाईट. बुधवारी तो वाळला, रंग विटला. गुरुवारी हिरव्या चकतीची कड उचलली गेली. वन्संनी कंपास लावून पाहिला. फट केसाएवढी होती ती दोऱ्याएवढी झाली होती. त्यांनी रेघ खोडली, नवी मारली. शुक्रवारी फट पुन्हा वाढली. पुन्हा खोडलं.

"ओला करा की जरासा," वहिनींनी सुचवलं.

"ओला केला तर झिजेल!"

"मग काय, चित्र होईपर्यंत त्याला औषध द्यायचं? आणि वन्सं, त्या पावडरने माझ्या बोटांची सालं निघताहेत. आता माझंच चित्र काढा, सालांसकट."

शनिवारी दुपारपर्यंत चित्र अर्धं झालं. माप अचूक, कड अचूक, छाया पट्टीने आखल्यासारखी. वन्संनी ते लांब धरून बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. साबणाच्या कारखान्यात टांगायला उत्तम होतं ते. त्या साबणाची बशी घेऊन बेसिनपाशी गेल्या, दोन थेंब शिंपडून रंग पुन्हा उजळतो का ते बघायला. तेवढ्यात दारावर उकाडा नि रविवारची सुट्टी यांवर बडबड करत प्लंबर हजर झाला. वन्सं बशी बेसिनच्या कडेला ठेवून बाजूला झाल्या. फक्त पाच मिनिटं. वहिनी प्लंबरला पाणी द्यायला गेल्या, वन्सं खुर्चीवर बसून आपल्या अर्ध्या चित्राकडे बघत राहिल्या.

प्लंबरने नळ उघडला, वायसर बदलला, काळ्या ग्रीसने माखलेले हात बघितले, आणि समोर साबण दिसल्यावर कुणीही करेल तेच केलं.

"अहो!" वन्संची किंकाळी आली. "अहो, ठेवा! ठेवा तो खाली!"

प्लंबरने साबण असा टाकला जणू तो तापलेला होता. तो बशीत पडला. हिरवी चकती सरकून तिरकी झाली होती, गुलाबी भागावर फेस होता, आणि फेसाच्या मधोमध काळाभोर, ठसठशीत अंगठा उमटला होता.

"धुऊन देतो, बाई," तो बिचारा गांगरून म्हणाला. "आतला साबण चांगलाच आहे."

पाच दिवसांची मापं गेली. कोपरा गेला, फट गेली, कड गेली. परवा दहाला घोडे लागणार. त्या बशीकडे बघत राहिल्या. फेसाचा एक बुडबुडा फुटला. मग दुसरा. फुटण्याआधी त्यात खिडकी दिसत होती, निळी, वाकडी. अंगठ्याच्या काळ्या वळणांतून गुलाबी पाणी ओघळायला लागलं होतं.

"कुणी हात लावायचा नाही," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. आणि मग एकदम मोठ्याने, "वहिनी! कागद! नवा कागद! कंपास नको, पेन्सिल नको, नुसतं पाणी द्या!"

त्या खुर्ची ओढून बेसिनपाशीच बसल्या. बुडबुडे थांबणार नव्हते, म्हणून त्याही थांबल्या नाहीत. मोठा ब्रश, भिजलेला कागद, गुलाबीवर गुलाबी, त्यात हिरवं घुसलं तर घुसू दिलं. काळा जरा जास्त पडला. चौतीस वर्षांच्या सवयीने हात ब्लेडकडे गेला. ट्रेसर चुकलेली शाई ब्लेडने खरवडतात. खरवडल्यावर लक्षात आलं की हा तो कागद नव्हे. कागदाचे तंतू उभे राहिले, पांढरे, भुरभुरीत. वन्सं वाकून बघायला गेल्या आणि खुर्चीत उडाल्याच. "फेस! वहिनी, हा फेस आहे!" आणि त्यांनी बेधडक आणखी चार जागी खरवडलं.

प्लंबर हात तसेच काळे ठेवून मागे उभा होता. "तो माझा अंगठा आहे," त्याने वहिनींना सांगितलं.

"दिसतोय," वहिनी म्हणाल्या. "हलू नका. उजेड अडतोय."

"आजवर अंगठा मागितला तो फक्त सरकारी कचेऱ्यांनी. त्यांनी असा रंगवला नाही."

अर्ध्या तासात बुडबुडे संपले, आणि चित्रही. वन्संचे कान लाल झाले होते, ब्रशचं पाणी साडीवर सांडलं होतं, आणि त्या हसत होत्या. उशिरा, कागद वाळल्यावर, त्यांना आठवलं की कोपऱ्यातली चौकट काढायचीच राहिली. पट्टी हातात घेतली. कागदावर धरली. पट्टी परत ठेवून दिली.

सोमवारी पावणेदहाला त्या दुकानात होत्या. घोडे भिंतीला टेकवून तयार ठेवले होते. एकूण तीन होते आणि तिघांच्याही आयाळी वाऱ्यावर होत्या. फ्रेमवाल्याने आठवं चित्र हातात घेतलं, दारापाशी उजेडात नेलं आणि मग खिडकीतल्या खिळ्यांशी धरून पाहिलं.

"हे मधे लागेल," तो शेवटी म्हणाला. "पण मॅडम, सही कुठे आहे? सातांवर नुसती दोन अक्षरं, यावर तीही नाहीत. लोक मला विचारतील कुणाचं."

त्याने कानामागची पेन्सिल काढून पुढे केली. वन्संनी ती घेतली. पहिलं अक्षर वाकडं आलं. पुढची सरळ आली. पूर्ण नाव, आडनावासकट. मग त्यांनी बाकीची सातही मागून घेतली आणि प्रत्येकावर तेच केलं. फ्रेमवाल्याने तोवर घोड्यांची तोंडं भिंतीकडे फिरवली होती.

संध्याकाळी कामावरून घरी जाणाऱ्यांची गर्दी झाली, तेव्हा दोघी बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसल्या, बसची वाट बघत असल्यासारख्या. तीन बस आल्या आणि गेल्या. लोक खिडकीसमोरून भराभर जात होते. एका माणसाने काचेत बघून केस सारखे केले. वन्संनी निःश्वास सोडला. मग हातात जड पिशव्या घेतलेली एक बाई पुढे गेली, थांबली, दोन पावलं मागे आली. पिशव्या खाली ठेवून तिने कपाळ काचेला टेकवलं. शेजारून जाणाऱ्या मैत्रिणीला तिने हाताला धरून ओढलं, बोट दाखवलं, आणि दोघी खिदळायला लागल्या.

"माझ्या घरीसुद्धा साबण असाच!" ती बाई म्हणताना रस्त्यापलीकडे ऐकू आलं.

वन्संनी वहिनींचा दंड इतका घट्ट धरला की वहिनींना ओरडावं लागलं. "अहो, दंड सोडा! तो रंगवायचा नाहीये!"

"थांबू या ना अजून एक बस," वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "फक्त एक."

मग आणखी चार बस झाल्या. वहिनींनी त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं: घरी यायला सव्वाआठ. स्वयंपाक केला नाही, ब्रेड भाजून खाल्ला. दूध नासलं, उद्या अर्धा लिटर जास्त घ्यायचं.