अब्बांचा ट्रक आणि ओझोनचं भोक

नळदुर्गजवळ हायवेला लागून आमची शाळा आहे. तिथं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हायवेच्या बाजूच्या वर्गात शिकवताना एक सवय लागते. जड गाडी जवळ आली की वाक्य अर्ध्यात सोडायचं, ती पुढं गेली की उरलेलं बोलायचं.

त्या वर्षी होळीच्या आधीच ऊन तापलं होतं. नववीच्या वर्गात जागतिक तापमानवाढीचा धडा काढायचा होता. म्हटलं, शिकवण्याआधी मुलांना काय माहीत आहे ते तरी बघू.

"पुस्तकं मिटा," मी म्हणाले. "पृथ्वी गरम होतेय म्हणतात. कशामुळं?"

"ओझोनला भोक पडलंय मॅडम. त्यातनं ऊन जास्त येतंय."

निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. कुणी म्हणालं प्लास्टिक जाळल्यामुळं. कुणी म्हणालं सूर्य जवळ आलाय. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीनं तापमानवाढीची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तिनं तीच व्याख्या पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं.

"बरं, हरितगृह वायू म्हणजे?"

"झाडं सोडतात तो. हरित म्हणजे हिरवं ना मॅडम."

मला हसू आलं नाही. शब्दच असा आहे की लेकरू फसावं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. घरची शेती, कांदा-हरभऱ्याची. वर्गात त्याचं तोंड कायम चालू. "गाड्यांच्या धुरानं होतंय मॅडम. ट्रकच्या तर लईच." मग खिडकीकडच्या एका मुलीकडं बघून तो म्हणाला, "हिच्या अब्बांचा ट्रक हाय की. हिच्यामुळंच तापलंय समदं."

वर्ग खो खो हसला. मी त्याला दटावून खाली बसवलं आणि तास संपला.

त्या मुलीचे वडील स्वतःचा ट्रक चालवतात. कांदा, सोयाबीन घेऊन हैदराबादकडं जातात. मुलगी अबोल, पण अक्षर टपोरं आणि शंका नेमकी. नंतरचे काही तास तिनं मान वर केली नाही. मग एका दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, ते खरं हाय का?"

"कुठलं?"

"अब्बांच्या ट्रकमुळं होतंय ते."

'छे गं, तो चेष्टा करत होता,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर ती हसली असती आणि घरी गेली असती. पण ते खोटं झालं असतं, आणि ती खोटं ऐकायला आली नव्हती.

"थोडं खरं आहे," मी म्हणाले. "डिझेल जळतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो."

तिचे डोळे भरले. तरी तिनं विचारलं, "थोडं म्हंजे किती?"

"ते मलाही नीट सांगता येणार नाही. पण हा धडा आपण घाईनं पुढं ढकलायचा नाही. मुळापासून करू. तुझ्या प्रश्नापर्यंत पोचू."

वार्षिक परीक्षा तोंडावर होती आणि अभ्यासक्रम मागं पडला होता. तरी मी तो धडा धरून बसले. पहिला तास ओझोनवरच गेला. ओझोनचा थर सूर्याचे अपायकारक किरण अडवतो, त्याचं विरळ होणं हा वेगळा प्रश्न आहे, पृथ्वी तापण्याचं मुख्य कारण ते नव्हे, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मुलं ऐकेनात. "मॅडम, टीव्हीवर तसंच सांगतात." "माझ्या दादानं पण तसंच लिहिलं होतं, त्याला मार्क मिळाले." डोक्यात बसलेलं काढणं नवं शिकवण्यापेक्षा अवघड असतं.

दुसऱ्या तासाला मी फळा सोडला आणि मागच्या बाकावरच्या त्या वाचाळ मुलालाच विचारलं, "रब्बीत रात्री रानात जागलीला जातोस ना? थंडी कधी जास्त लागते? आभाळ आल्यावर, का चांदणं निखळ असल्यावर?"

"निखळ असलं की कडाका असतो मॅडम. आभाळ आलं की ऊब वाटती. पर मग हरभऱ्यावर अळी पडती."

"अळीचं राहू दे. ऊब का वाटते?"

मग खिडकीजवळून हळू आवाज आला. "पांघरूण घातल्यागत होतं का मॅडम?"

इतक्या दिवसांनी ती वर्गात बोलली होती. मी म्हणाले, "तसंच होतं." आणि तिथून गाडी धावली. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. ढग आणि हवेतली वाफ त्यातली काही अडवून परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइडही तेच करतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. हे पांघरूण मुळीच नसतं तर आपण गारठून मेलो असतो. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जाळून माणसानं ते जाड केलंय.

"म्हंजे उलटंच हाय की!" मागचा मुलगा ओरडला. "भोक पडलं म्हणून न्हाय, पांघरूण जाड झालं म्हणून!"

मी त्याला तेच वाक्य फळ्यावर लिहायला लावलं.

तो खडू ठेवून वळतोय तोच ती मुलगी उभी राहिली. माझ्याकडं न बघता तिनं त्यालाच विचारलं, "अब्बांच्या ट्रकात कांदा कुणाचा असतो?"

"गावातल्यांचा."

"तुमचा?"

"आमचा बी असतो."

"आन् तुमच्या नव्या घराचं सिमेंट कशात आलं?"

तो फळ्यापाशीच अवघडून उभा राहिला. "ट्रकातच," तो म्हणाला. "मग समद्यांचाच धूर झाला की."

मला मध्ये पडावं लागलं. सगळ्यांचा आहे, पण सारखा नाही, हे सांगणं भाग होतं. कोळशावरची वीज, मोठाले कारखाने, आपल्या कितीतरी आधीपासून जाळत आलेले श्रीमंत देश, यांचा वाटा मोठा. एका ट्रकचा वाटा आहे, पण तो घागरीतल्या थेंबाएवढा. ती हे सगळं उभ्यानंच ऐकत होती. मग खाली बसली आणि तिनं पेन उचललं.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. चपला बाहेर काढून दारात उभे राहिले.

"मॅडम, पोरगी रोज गाडीच्या मागं लागलीय. आता मी काय धंदा सोडू का?"

मी तिला बोलावून घेतलं. बापासमोर ती जरा बिचकली, पण बोलली. "सोडा न्हाय म्हणत अब्बा. गाडी उभी असताना इंजिन बंद करा म्हणते. तेवढंच."

"आन् ढाब्यावर बाकीच्या गाड्या घुरघुरत उभ्या असतात, त्यांचं काय?"

"त्यांना बी सांगायचं."

"कोन सांगनार?"

"आमी."

ते हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मग आना मॅडम ह्यांना ढाब्यावर. बघू, कोन ऐकतंय."

त्यांनी ते चेष्टेत म्हटलं असेल. मी मात्र ते धरलं. मुख्याध्यापक म्हणाले, "ढाब्यावर? मुलींना घेऊन? उद्या पालक माझ्या दारात येतील." मी म्हणाले, "पालकांच्या दारात मीच जाते." आणि गेले. काहींनी लगेच हो म्हटलं. एका आईनं मला चहा पाजला आणि नाही म्हटलं. एक आजोबा म्हणाले, "तुमी सोबत हाईत, त्या पोरीचा बाप हाय, मग काय भ्याचं?" त्यांच्या एका शब्दावर गल्लीतली आणखी पोरं मिळाली.

रविवारी सकाळी आम्ही ढाब्यावर पोचलो. तिच्या वडिलांनी खाटा ओढून बसायला जागा केली होती आणि पाच-सहा ड्रायव्हरांना चहाच्या नावाखाली बसवून ठेवलं होतं. मुलीनं बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज कापत होता. पांघरुणाच्या गोष्टीपर्यंत आल्यावर तो कापायचा थांबला.

एक वयस्क ड्रायव्हर म्हणाले, "बेटा, जानेवारीत दिल्लीकडं जाऊन बघ. स्टिअरिंगवर बोटं आखडतात. आन् तू म्हणतीस दुनिया तापली."

ती गोंधळली. तिच्या मदतीला आला तो मागच्या बाकावरचाच मुलगा. "चाचा, एक दिवस कांद्याचा भाव चढला म्हणून वरीसभर चढला म्हणता का? लई वर्षांचं, समद्या मुलखांचं मिळून बघावं लागतं. एका दिवसाची थंडी धरून चालत न्हाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "व्हय, ते बी खरं."

मग एक तरुण ड्रायव्हर बोलला. तो रागात नव्हता, थकलेला होता. "मालक जुनी गाडी देतो, वर म्हणतो टायमात पोच. त्याला कोण शिकवणार?"

"मला म्हाईत न्हाय, भैय्या," मुलगी म्हणाली.

मलाही नव्हतं माहीत. मी एवढंच म्हणाले की हा प्रश्न मालकाला आणि सरकारला विचारायचा आहे, तो तुमच्या एकट्याच्या गळ्यात टाकायला आम्ही आलेलो नाही. बोलणं संपल्यावर तो तरुण ड्रायव्हर उठला आणि मघापासून चालू असलेलं त्याच्या गाडीचं इंजिन बंद करून आला. बाकीच्यांतले दोघं त्याच्याकडं बघून हसले. त्यांच्या गाड्या चालूच राहिल्या.

मुलीच्या वडिलांनी सगळ्या मुलांना भजी खाऊ घातली. पहिली प्लेट लेकीच्या हातात दिली.

ती मुलगी आता अकरावीत आहे, सायन्सला. एसटीनं जाऊन-येऊन करते. मागच्या बाकावरचा तो मुलगा कृषी विद्यालयात शिकतो. मुख्याध्यापकांनी शनिवारचा एक तास मुलांना असं बाहेर न्यायला लावून दिलाय, कुरकुरत का होईना. यंदाच्या नववीतल्या मुलांना वीटभट्टीवर जायचं आहे. तिथं काय जळतं, किती जळतं आणि भट्टीवरची माणसं उन्हाळा कसा काढतात, हे जाणून घ्यायचंय. भट्टीचा मालक म्हणाला, "धंद्याच्या दिवसांत पोरांची गर्दी नको." मी त्याला आतापर्यंत एकदाच भेटलेय. उद्या शाळा सुटल्यावर परत जाणार आहे.