नयनाचं पोटेन्शियल

असले गूढ अनुभव मी वाचतो, पण हसत वाचतो. तीस वर्षं म्हसळ्याला पीटीचा शिक्षक आहे. शिट्टी, चुन्याची रेघ आणि स्टॉपवॉच, एवढ्यावरच आपला विश्वास. तरी हे लिहायला वर्ष लागलं, कारण घडलेला प्रकार सांगायचा तर त्याआधी मी काय केलं होतं तेही सांगावं लागतं... आणि ते मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने घरी. पुण्याच्या मुलीने लॅपटॉपवर बेसबॉलचा एक गेम टाकून दिला. म्हणाली, पप्पा, तुम्ही सॉफ्टबॉल शिकवता, हा त्याचाच थोरला भाऊ. या गेममध्ये आपण चेंडू मारायचा नसतो. आपण मॅनेजर – कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं ते ठरवायचं. प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात. एक आजच्या खेळाचा, दुसरा पोटेन्शियलचा, म्हणजे हा फार तर कुठवर जाईल याचा. वीसपासून ऐंशीपर्यंत.

गंमत म्हणजे पोटेन्शियल कायमचं नसतं. दुखापत झाली की उतरतं, बाकावर बसून कुजतं, चांगला कोच आणि झेपतील अशा मॅचेस मिळाल्या की चढतं. शिवाय कॉम्प्युटर नशिबाचे फासे टाकतो, ते मी सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणले. नशीब मला आवडत नाही. आणि आणखी एक – दिसतो तो आकडा खरा नसतोच, तो तुमच्या निरीक्षकाचा अंदाज असतो. निरीक्षक बरेच दिवस बघायला गेलाच नाही, तर जुनाच आकडा तसाच राहतो.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला.

टीमला मी जुन्या विद्यार्थिनींची नावं दिली होती. नयना नावाचा सहा फुटी मिशीवाला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बघून बायको पोट धरून हसली. त्याचं पोटेन्शियल आपोआप ३५ आलेलं. त्याला मी एकदाही मैदानात उतरवला नाही, निरीक्षकही पाठवला नाही. त्याच्या पानावर जायलाच नको वाटायचं. नियमाने तो आकडा हलायलाच नको होता.

त्रिपुरी पौर्णिमेला तो ४० झाला.

मग ४५. मग ५०. गेममधली तारीख वेगळी पळते, म्हणून मी वहीत खऱ्या तारखा लिहायला लागलो. चहा घेताना बायकोने वही ओढून घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली आणि म्हणाली, "अहो, ह्या सगळ्या पौर्णिमा-अमावास्या आहेत. तुमचा मिशीवाला उपास करतो की काय?"

खरंच तसं होतं. फक्त माघी पौर्णिमेला आकडा हलला नाही. पुढच्या अमावास्येला पुन्हा चढला – ७०.

कुतूहलच म्हणा, पण खरी नयना आता कुठे आहे हे मला कळायलाच हवं होतं. अलिबागच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अरे, ती रेवदंड्याला दिली. सुकी मासळी विकते. हल्ली गावातल्या पोरींना सॉफ्टबॉल शिकवते, किनाऱ्यावर. मैदान कुठलं मिळायला? पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळची ओहोटी लांब जाते, कडक वाळू उघडी पडते, तेव्हाच.

मी वही उघडून तारखा बघायला लागलो. तो हॅलो हॅलो करत राहिला.

पुढच्या पौर्णिमेला काठी घेऊन, दोन एसट्या बदलून रेवदंड्याला गेलो. ओल्या वाळूवर दहा-बारा पोरी होत्या, बेसच्या जागी मासळीच्या रिकाम्या पाट्या. नयना अडतिशीची, साडीचा पदर खोचलेला. मला बघून म्हणाली, सर, म्हातारे झालात की. मी विचारलं, हे कधीपासून? त्रिपुरीपासून, म्हणाली. एकदाच चुकलं, माघात, सासूला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा.

वही माझ्या पिशवीत होती. काढावीशी वाटली नाही. जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वी राज्याच्या शिबिरासाठी जिल्ह्याची निवड होती. पिचरचा शेरा लिहायचं काम माझं. नयनाची पाळी आली तेव्हा मी मैदानाबाहेर चहा पीत गप्पा मारत होतो. परत आलो तर सगळं उरकलेलं, शेवटची एसटी गाठायची घाई. आदल्या वर्षी तिचा खांदा दुखावलेला असताना मी एक शेरा लिहिला होता – 'यापुढे प्रगतीची शक्यता नाही.' तोच उतरवला. न बघता. ती वगळली गेली. त्यानंतर ती कुठल्याच मैदानावर दिसली नाही.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती हातातला चेंडू पुसत राहिली.

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "जाळीमागं तुमची खुर्ची रिकामी व्हती. सहा चेंडू मी त्या खुर्चीला टाकले, सर."

म्हणजे बावीस वर्षं हे फक्त मलाच माहीत आहे असं मी समजत होतो.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. एका पोरीला सांगून उलटी पाटी मांडली, मला तिच्यावर बसवलं. पोरी हसायला लागल्या. ती मागे गेली, अंतर पावलांनी मोजलं आणि खालून हात फिरवत टाकायला लागली. सहा. एकही चेंडू रेषेतून हलला नाही. पाचव्याला माझे डोळे भरून आले होते, पण मी ते पुसले नाहीत. तेवढ्यात एक चेंडू बघायचा राहिला असता.

सहावा झाल्यावर तिने विचारलं, "बगितला?"

"बघितला."

"मंग झालं. आता पोरींचं बगा. लिवू नका काय, नुसतं बगा."

मुलीने लॅपटॉप दोनदा तपासला. फासे शून्यावरच होते, निरीक्षक गेल्याची नोंद नाही. गेममध्ये बग, म्हणजे काहीतरी चूक असेल, म्हणाली. असेल. पण बगला माघातली एक पौर्णिमा कशी चुकवता आली? आणि त्या संध्याकाळनंतर आकडा ७० वरच का थांबला, नयना दर पंधरवड्याला टाकत असूनही? मी सगळ्या बाजूंनी विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही, कोणाला सुचलं तर जरूर कळवा.

शेरा लिहायच्या समितीवरून मी नाव काढून घेतलं. रजा असली की रेवदंड्याला जातो. बसायला पाटी मिळते. नयना अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाही... मधूनच वळून बघते फक्त, मी जागेवर आहे ना ते.