मास्तरांचा डावा गुडघा

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं पायाने मशीन चालवलं, म्हणून शरीराचं सगळं आपल्यालाच कळतं असा यांचा समज. महिनाभर डाव्या मांडीपासून नडगीपर्यंत मुंग्या येत होत्या, तर म्हणे स्टूल बुटकं आहे. शेवटी मीच ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. उजवा पाय उडाला, डावा ढिम्म.

"पाय आवळून धरलाय तुम्ही, मास्तर. सोमवारी पुन्हा बघू. तेव्हाही नाही हलला तर मशीन बंद."

झालं. आठवडाभर घरात कवायत. हे टेबलावर बसणार, मी लाकडी चमचा मारायचा आणि यांनी पाय उडवायचा.

"अहो, तो आपोआप उडायला हवा."

"सरावाने होतं आपोआप."

जप अर्धा टाकून मी चमचे मारत बसले. मलाही अक्कल नव्हती.

आज सोमवार. बाईंनी हातोडी नुसती उचलली आणि यांनी लाथ झाडली. हातोडी कपाटाखाली.

"मास्तर, मी अजून मारलंच नाही."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाईंनी समजावलं, की ठोक्याने मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ती खबर पाठीच्या कण्यात पोचते आणि हुकूम तिथूनच परत येतो. डोक्याला कुणी विचारतच नाही. मनात म्हटलं, देवा, यांचं डोकं माहीत असल्यावाचून का तू ही सोय केलीस.

मग पायावरचं लक्ष उडावं म्हणून बाईंनी यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावलं. "आणि खिशाला कापड किती लागतं हो?"

"साधा की झाकणाचा?" हे विचारतात तोवर ठोका पडलाही. पाय हलला, जेमतेम बोटभर.

"निरोप जातोय, पण अडखळत. कमरेत नस दबली आहे. दोन महिने पायाचं मशीन नाही. तसंच रेटलंत तर पायातली ताकद जाईल."

घरी आलो. चहा घेऊन बाहेर येते तर हे मशीनवर.

"एकच पॅन्ट. कंबरपट्टीच राहिलीय. बोटभर तरी हलला ना?"

मी मशीनचा चामडी पट्टा काढून माझ्या जपाच्या पिशवीत टाकला. तिथे हात घालायची यांची छाती नाही.

तेव्हापासून हे दारं आपटत घरभर फिरताहेत. फिरू देत. चालायला बाईंनी सांगितलंच आहे.