भाऊंना पंगत लागते

एकट्याने जेवणं हा गुन्हा आहे असं मानणारी माणसं पुष्कळ असतील. पण त्या कायद्याची अंमलबजावणी स्वतःचं ताट हातात घेऊन दारोदार करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी तेव्हा सिल्वासाला, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी सेलवासला, मराठी शाळेत शिकवत होते. आमचे हे तिथल्याच सरकारी बांधकाम खात्यात. आम्ही दोघं कोकणातले, चाळीची मालकीण गुजराती, तिला सगळे 'बा' म्हणत, आणि बाकीच्या खोल्यांतून मसाट-खडोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणारी खानदेशची मंडळी. अंगणाच्या तीन बाजूंना खोल्या, चौथ्या बाजूला बांची ओसरी. शेजारचे भाऊ अमळनेरकडचे. बायकोमुलं गावी शेतीवर, भाऊ इथे धाग्याच्या कारखान्यात. वय पस्तिशीचं, मिशी पन्नाशीची, आणि आवाज मशीनच्या वर चढवून चढवून कायमचा वरच राहिलेला.

भाऊ स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत, आणि तो इतका उत्तम करत की त्यांच्या भरताचा वास सुटला की माझं वरण मला पोरकं वाटू लागे. तेव्हा ते कुणाकडे फुकट जेवायला जात होते असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्यांचं ताट भरलेलं असे. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, कांदा, सगळं रीतसर. फक्त समोर जेवणारं माणूस लागे. पाळी असेल तसं सकाळी नाहीतर संध्याकाळी आमच्या दारात पाटावर बसकण मारत ते विचारत, "काय जेवी राहिले, बाई?" मग माझ्या ताटाकडे एक नजर टाकून, "आज खोबरं कमी दिसतं. तब्येत बरी आहे ना?" आमच्या ह्यांना जेवण म्हणजे दहा घासांत उरकायचं सरकारी काम वाटायचं. पण भाऊंच्या पंगतीत शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत उठायची मुभा नव्हती. "साहेब, बसा. ऑफिस कुठे पळी राहिलं?" असं म्हणून ते ह्यांना हाताला धरून बसवत. ह्यांच्या हाताला ठेचा लागे, ह्यांचं ऑफिस चुके, आणि मला मनातून फार बरं वाटे.

एकदा मी त्यांना विचारलं, "भाऊ, एकट्याने जेवलं तर नेमकं होतं काय?" भाऊंनी घास ताटात ठेवला. "पोटाला कळतच नाही, बाई, आपण जेवलो का औषध घेतलं." यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. वीज मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस एकदा भर दुपारी त्यांच्या तावडीत सापडला. त्यानंतर आमच्या चाळीचं रीडिंग नेहमी भर दुपारीच होऊ लागलं, आणि तो सायकलला डबा अडकवून येऊ लागला. भिलाडहून येणारी बस अथालजवळ बंद पडली तेव्हा उतारू कंडक्टरशी भांडत होते. भाऊंनी रस्त्याकडेला फडकं पसरून सगळ्यांना आपापले डबे उघडायला लावले आणि भांडणारा कंडक्टर मध्ये बसवला. बस दुरुस्त झाली तरी ड्रायव्हरचं लोणचं संपायचं होतं म्हणून ती आणखी थांबली. बांचा एकादशीचा उपास असे, त्या दिवशी तरी त्या सुटतील की नाही? छे. "बा, तुम्ही नुसतं पाणी प्या. पण घोट घोट प्या, माझं होईपर्यंत पुरवा." आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कलेक्टरलाही न बधणाऱ्या बा, पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसत.

त्या वर्षी पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धासाठी भाऊ गावी गेले, आणि इकडे सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी आली. सुरत आमच्यापासून काही तासांवर. लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले, औषधांच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या, कुणाच्या घरात उंदीर दिसला तर आधी घरमालक पळे आणि मग उंदीर. अमळनेरहून आमच्याकडे यायचं म्हणजे गाडी सुरतेलाच बदलावी लागते. हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण भाऊ परत आले ते अंगणाच्या मधोमध पिशवी ठेवून गरजले, "सुरतले काय गर्दी, बाई! माणूस काय येई राहिला, काय पळी राहिला! मी अर्धा दिवस तिथेच बसेल होतो. फलाटावर एक कुटुंब होतं, त्यांच्यासंगे जेवलो बी!"

भाऊंनी मान वर केली तेव्हा अंगणात पिशवीशिवाय कुणी नव्हतं. पाठोपाठ दारं लागली. भाऊंनी गोष्ट अर्धीच सोडली, पिशवी उचलली आणि आपल्या खोलीत गेले.

सरकारी दवाखान्यातली नर्स आली. चांगली बाई होती. तिने भाऊंना तपासलं, ताप नाही म्हणाली, गोळ्या दिल्या, आणि आपण सांगेपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी तंबी दिली. "गोळ्या जेवणानंतर. रिकाम्या पोटी एकही नाही. आणि ताप आला, अशक्तपणा दिसला, तर तुम्हाला दवाखान्यात हलवावं लागेल." हे ऐकून दोन खोल्यांतले लोक म्हणू लागले की त्यांना आत्ताच हलवा, नाहीतर गावी पाठवा. बांनी भाऊंच्या उंबऱ्यापुढे पांढऱ्या पावडरीची जाड रेघ ओढली, आणि मग तिच्यावर फिनेल शिंपडून स्वतःच ती वाहवून टाकली.

भाऊंच्या डब्यांत पीठही उरलं नव्हतं, म्हणून जेवण आम्ही पाळीपाळीने पोचवायचं ठरलं. पहिला मान ह्यांचा. ह्यांनी झाकलेलं ताट उंबऱ्यावर ठेवलं, छत्रीच्या दांड्याने दार वाजवलं आणि ऑफिसला कधी गेले नाहीत अशा वेगाने घरी आले. सकाळी पाहिलं तर ताट जसंच्या तसं. दुपारचंही तसंच.

"भाऊ, जेवला का नाहीत?" मी भिंतीपलीकडे ओरडले.

"जेवीन ना, बाई. भूक लागली का जेवीन."

"आणि गोळ्या?"

"त्या जेवणानंतरच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीच्या गजांतून मला त्यांचा चेहरा दिसला. मिशी तेवढी जागच्या जागी होती, बाकी चेहरा उतरला होता. मी काळजीने विचारलं तर हसून म्हणाले, "सकाळी कावळा आला ना खिडकीत. त्याच्यासमोर दोन घास खाल्ले. पण पित्तरपाटाचा कावळा, बाई, त्याला दहा घरची बोलावणी. बसत नाही तो." मला हसूही आलं आणि रडूही आलं. हा माणूस प्लेगने नाही, तर पंगतीवाचून आजारी पडणार, आणि मग त्यांना उचलून नेणार, आणि आम्ही सगळे दारं लावून खिडकीतून बघणार, हे मला स्पष्ट दिसू लागलं. मी ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "मग करायचं काय? आत जाऊन बसायचं?" आत जाऊन बसायची हिंमत माझ्यातही नव्हती.

वाट काढली ती बांनी. चाळीत सगळ्यांत जास्त घाबरलेल्या त्याच होत्या. पण त्या संध्याकाळी त्यांनी आपला पाट ओसरीच्या कडेला आणून आपटला, समोर ताट मांडलं, पदर नाकावरून घट्ट बांधला आणि भाऊंच्या खिडकीकडे तोंड करून जेवायला हाक मारली, "ए भाऊ! मारा आंगणामां माणस भूख्यो बेसे, ए नहीं चाले. चाल, जमवा बेस!"

खिडकीत मिशी उगवली. बांनी रोटलीचा तुकडा मोडला, तोंडाकडे नेला, आणि तो पदरावर आपटला. पुन्हा नेला, पुन्हा आपटला. शेवटी त्यांनी "मोढुं ढांकीने ते कांई जमाय?" म्हणजे तोंड झाकून का कुठे जेवता येतं, असं म्हणून पदर सोडून टाकला. ते पाहून मी माझं ताट घेऊन दारात आले. ह्यांनी रुमाल सोडून खिशात घातला. समोरचं दार उघडलं, कोपऱ्यातलं उघडलं, आणि हळूहळू सगळी चाळ आपापल्या उंबऱ्यात ताट घेऊन बसली. भाऊंनी गजांआडून सगळ्यांवर नजर फिरवली. घसा खाकरला. "कोपऱ्यातल्या मंडळीले वाढलं का? साहेबांच्या पानात कांदा दिसत नाही. हां. आता घ्या सुरू करा!" आणि त्यांनी पहिला घास घेतला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझे डोळे भरून यावेत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्यानंतर त्या अंगणात रोज जी जेवणं झाली तशी मी लग्नकार्यातही पाहिली नाहीत. एरवी तीन-चार जणांची असणारी भाऊंची पंगत आता अख्ख्या चाळीची झाली होती. वास पोचत नसे म्हणून भाऊ प्रत्येकाकडून पदार्थाचं वर्णन मागत. "बाई, आज कसली भाजी? अळू? पातळ का घट्ट? शेंगदाणे घातले का? मोठ्याने सांगा ना!" मी वर्गात कविता शिकवावी तशा तारस्वरात अळूचं फदफदं शिकवी. बा उंधियूचं वर्णन करत, उंधियूचे दिवस नसताना, निव्वळ भाऊंना खूश करायला. जेवण झालं की भाऊ गोळी सगळ्यांना दाखवून तोंडात टाकत, पाणी पीत, आणि आ करून "बघा, गेली!" म्हणत. नर्स एकदा नेमकी त्याच वेळी आली. इतकी माणसं दारात जेवताना पाहून तिला वाटलं की इथे कुणाचं तरी श्राद्ध आहे. भाऊंनी तिलाही सोडलं नाही. तिच्या पिशवीत फक्त बिस्किटं होती. "बिस्किट तर बिस्किट, पण बसून खा, सिस्टर." ती बांच्या ओसरीच्या पायरीवर बसून बिस्किटं खाऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली.

नवरात्राच्या तोंडावर तिने भाऊंना मोकळं केलं. ताप नाही, खोकला नाही, उलट वजन वाढलेलं. त्या संध्याकाळी मी वांगी भाजून ठेवली, पाट मांडला, आणि आता भिंत हादरवत हाक येणार म्हणून वाट पाहत बसले. हाक येईना. बाहेर येऊन पाहिलं तर भाऊ आपल्या उंबऱ्याच्या आत, भरलेलं ताट हातात धरून उभे. दार सताड उघडं. पावडरीची रेघ तर कधीच पुसली गेली होती.

"येऊ का, बाई?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. मला "या" म्हणायला उशीर झाला. तेवढ्यात ओसरीवरून बा उठल्या. "आव ने भाई, ऊभो शुं छे?" म्हणत अंगण ओलांडून गेल्या, भाऊंच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि सगळ्या चाळीदेखत तोंडात घातला. दुसऱ्याच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बा! ठेच्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, भाऊ खदखदून हसले, आणि ते हसू संपायच्या आत आमच्या दारातल्या पाटावर येऊन बसले.

सगळं पूर्वीसारखं झालं. ह्यांचं ऑफिस चुकू लागलं, मीटरवाला डबा घेऊन येऊ लागला. पण भाऊ आता ताट घेऊन आमच्या पायरीखाली थांबत आणि विचारत, "येऊ का, बाई?" मी रागावून पाहिलं, ह्यांनी समजावून पाहिलं. भाऊ हसून म्हणत, "तसं काही नाही, बाई. विचारेल बरं असतं." आमची बदली होईपर्यंत ते रोज विचारत राहिले, आणि त्यांची चाहूल लागली की मी हातातलं असेल ते टाकून आतूनच "या, या" म्हणून ओरडत असे; माझ्या उत्तराला जरा उशीर झाला तर त्या पायरीखाली त्यांना काय वाटेल, या विचाराने मला धसका बसे.