कानबाई डोक्यावर असताना

मी ज्या घरात वाढले त्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. धुळ्यात आमच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत सायक्लोस्टाइलचं यंत्र, आणि त्याच्या शाईचा वास हाच आमच्या घरचा वास. माझे वडील, नाना, गिरणी कामगारांत काम करायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला शब्द. नाना गमतीनं म्हणायचे, "देव काही देत नाही आणि सरकारही देत नाही. पण सरकारच्या दारात निदान ओरडता तरी येतं." मी ते गमतीनं घेतलं नाही. कॉलेजात गेले, स्वतः पत्रकं लिहू लागले, आणि देवापुढे हात जोडणाऱ्या माणसाची मला कीव येऊ लागली. हात जोडले की ते दुसऱ्या कशाला मोकळे राहत नाहीत, असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही थोडा संकोच वाटतो. पण घडलं ते घडलं, आणि ते न लिहिणं हा खोटेपणा होईल.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सोनाआत्या, नानांची धाकटी बहीण, हिचं गाव धरणात जाणार होतं. आत्या विधवा. एकच मुलगा, विलास, तो सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. आत्या गावात एकटीच राहायची, दिराच्या घराशेजारी, स्वतःची चूल मांडून. पुनर्वसनाचा नियम असा होता की विधवेचा सज्ञान मुलगा तिच्याबरोबर नोंदणीला हजर असेल तर तिचं कुटुंब वेगळं धरायचं, तिला तिची जागा आणि जमीन वेगळी द्यायची. मुलगा हजर नसेल तर तिचं नाव दिराच्या कुटुंबात जायचं आणि जमीनही त्यांच्याच नावावर. म्हणजे उरलेला जन्म दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या मर्जीनं. आत्याला हे पक्कं कळलं होतं. ती म्हणायची, "मनी चूल मना ताबामा ऱ्हावाले पाहिजे, बस. बाकी माले काय बी नको."

धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या आमच्या समितीची जुनी मागणी होती की याद्या बंद खोलीत बनवू नका, लोकांसमोर बनवा. सरकारनं ती मान्य केली आणि वर एक पाऊल पुढे टाकलं : नोंदणी कॉम्प्युटरवर होणार, प्रत्येकाचा फोटो त्याच्यासमोर यंत्रात जाणार. आमच्या भागात असं पहिल्यांदाच होणार होतं. तारीख कोणती, असं विचारल्यावर आम्ही एका आवाजात सांगितलं, कानबाईचा सोमवार. खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे घरोघरी नारळाला नथ, मणी, डोळे लावून कानबाई बसवतात. सगळे भाऊबंद जमून तिच्या प्रसादाचे रोट खातात आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेला गेलेला माणूस एक वेळ दिवाळीला येणार नाही, पण कानबाईला येतो. तेव्हा हजेरीसाठी याहून चांगला दिवस कोणता? गंमत अशी की बुडणाऱ्या प्रत्येक गावानं नेमका हाच दिवस मागितला होता, आणि कोकणातून बदलून आलेल्या पुनर्वसनाच्या साहेबांनी सगळ्यांना तो देऊन टाकला.

तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये यंत्र बसवलं होतं. एकच यंत्र, वर पत्र्याचं छप्पर, बाहेर धडधडणारा जनरेटर. आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ताही माणसांनी भरला होता. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सुरतेहून आलेली नव्या शर्टातली पोरं. विलासला बसनं नरडाण्याला जाऊन तिथून सुरतेची संध्याकाळची गाडी पकडायची होती. दुसऱ्या दिवशी पाळीवर नसला तर शेठ जागा दुसऱ्याला देणार होता. आत्याच्या गावाच्या रांगेत तिचे दीर नथूआबा आपल्या तीन मुलांना घेऊन आमच्या पुढे उभे होते. पांढरं धोतर, टोपी, चेहऱ्यावर काही न दाखवणारा माणूस. मी त्यांच्याकडे बघायचंही टाळत होते. विलास हुकला तर फायदा त्यांचाच होता, आणि असल्या माणसांवर मी पुष्कळ लिहिलं होतं.

सुरुवातीच्या थोड्या माणसांची नोंद झाली आणि यंत्र अडलं. पडद्यावर एका म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा उमटला तो तिथेच थिजला. जळगावहून आलेला ऑपरेटर, नाकावर घामानं घसरणारा चष्मा सावरत, यंत्र बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. चालू झालं की आधी भरलेली माणसं गायब. पुन्हा त्यांना बोलवा, पुन्हा नावं विचारा, पुन्हा अडलं. सुरतेचा एक पोरगा खिडकीतून ओरडला, "ओ साहेब, आमना लूम इतला येळा बंद पडना ते शेठ आम्हले हाकली देस! तुम्हले कोनी हाकलत नही का?" लोक हसले. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. आत्यानं माझा हात धरला आणि म्हणाली, "माय, हाई यंत्र मनं नाव खाई जाई का वं?"

दुपार कलू लागली तशी माणसं खिडक्यांना लटकली. आतला पंखा फिरत होता, पण बाहेरची हवा आत यायला जागाच उरली नव्हती. ऑपरेटर हात जोडून सांगत होता, "खिडक्या सोडा हो, यंत्र तापतंय." त्याचं कोण ऐकणार? साहेब बाहेर आले आणि म्हणाले, आज जे राहतील त्यांची तारीख नंतर कळवू. नंतर! तो शब्द लोकांनी जन्मभर ऐकला होता. मागून कुणीतरी दगड मारला, पत्र्यावर तो ठण्णकन वाजला. पोलिसांनी काठ्या हातात घेतल्या. मी फाटकाच्या ओट्यावर चढले. हातात समितीचा भोंगा होता. मला आठवतं, माझ्या तोंडात एकच वाक्य तयार होतं : आता रांग नाही, सगळे आत चला. ते मी बोलले असते तर काय झालं असतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी बोलणार होते. विलास खाली उभा राहून सारखं घड्याळ बघत होता आणि आत्या फक्त माझ्याकडे बघत होती.

त्या क्षणी रस्त्याच्या वळणावरून ढोल आला. गावातल्या कानबाया विसर्जनाला निघाल्या होत्या, एकामागून एक, बायकांच्या डोक्यावर. पुढे फुगड्या चालल्या होत्या. नदीचा रस्ता शाळेवरूनच जात होता आणि आम्ही तो अडवून बसलो होतो. पहिली कानबाई गर्दीला येऊन टेकली आणि थांबली. तिला डोक्यावर घेतलेली बाई वयानं बरीच मोठी होती, काळी-सावळी, हिरव्या लुगड्यातली, घामानं चिंब. मी ओट्यावर असल्यानं तिचं डोकं नि माझे हात जवळजवळ एका उंचीवर आले. ती मला म्हणाली, "धर वं बाई. मनी मान भरी ऊनी."

मी गोंधळून म्हटलं, "आजी, माझं लग्न नाही झालेलं. सुवासिनीनं घ्यायची असते ना?"

"कोणना डोकावर बठनं ते मायले समजत नही का?" ती फणकारली. "ते भोंगं ठेव खाले. डोकावर माय ऱ्हायनी का आरडतस नही."

मी भोंगा ठेवला. का ठेवला, मला सांगता येणार नाही. म्हाताऱ्या बाईला नाही म्हणवलं नाही, इतकंच असेल. ओट्यावरून उतरले, चपला काढल्या, आणि तिनं कानबाईचा पाट माझ्या डोक्यावर ठेवला. त्याचं वजन मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त होतं. नारळ, तांब्या, तांदूळ, फुलं, दागिने. दोन्ही हात वर गेले. मान जराही वाकवायची सोय राहिली नाही, मागे वळून बघायची तर नाहीच. बायका ओरडल्या, "सरका, माय चालनी!" आणि मी चालू लागले.

मी चालू लागल्यावर पुढे काय झालं ते मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. फाटकाशी रेटारेटी करणारी माणसं बाजूला होत होती. कुणी "कानबाई माय की" म्हटलं, त्याला शेकडो गळ्यांनी उत्तर दिलं. खिडक्यांवरून धपाधप उड्या पडल्याचे आवाज आले. मायची वाट अडवायची नाही आणि माय पुढून गेली की चार पावलं तरी तिच्या मागे चालायचं, हे या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. मघाशी ज्यांच्या मुठी वळल्या होत्या तेच आता माझ्या मागे टाळ्या वाजवत येत होते. पण मला त्याचा आनंद झाला नाही, खरं सांगते. मला एवढंच कळत होतं की विलासची वेळ चालली आहे, आत्या तिथे एकटी आहे, आणि मी, जिच्या भरवशावर ती आली, नारळ डोक्यावर घेऊन नदीकडे निघाले आहे. मला ओरडायचं होतं, ओरडता येत नव्हतं. वळायचं होतं, वळता येत नव्हतं. पायाखाली खडी टोचत होती. आणि मग कुठेतरी, त्या वजनाखालीच, माझ्या आतलं भांडण थकलं. मी मनात म्हणाले, तूच बघ आता. कुणाला म्हणाले ते माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. आणि पाय आपोआप ढोलाच्या तालावर पडू लागले.

नदीवर त्या कानबाईच्या घरच्या सुनेनं माझ्या डोक्यावरचा पाट उतरवून घेतला. मी त्या म्हाताऱ्या बाईला शोधलं, तिला सांगायचं होतं की पोचवली. सून म्हणाली, त्या मागून येणाऱ्या कानबाईच्या घरच्या असतील, आमच्यात हिरवं लुगडं कुणाचं नव्हतं. मागच्या घरच्यांनी सांगितलं, ती पुढच्या घरची. मी फार खोलात गेले नाही. शाळेकडे पळत सुटले.

हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि नदीकडचा वारा आरपार वाहत होता. ऑपरेटरनं यंत्राची मागची झाकणं काढून ठेवली होती आणि शाळेतला एक शिपाई पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत होता. यंत्र चालू होतं. पडद्यावर एकेक चेहरा येत होता आणि राहत होता. लोक नदीवरून परतून पुन्हा रांगेत लागत होते, शांतपणे, कपाळाला कुंकू लावलेले. तरी यंत्राची गती ती किती, आणि विलासची बस सुटायला आली होती. पुढे नथूआबा आणि त्यांचे तीन मुलगे. मी हिशेब केला, वेळ पुरणार नव्हता. आत्यानं विलासला हळूच सांगितलं, "जाय बेटा. नोकरी जाई. मी राहसू आबाना घरमा."

नथूआबांनी ते ऐकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, मग मुलांना रांगेतून बाहेर काढलं आणि स्वतःही बाजूला झाले. थोरला कुरकुरला, "आबा, आते आपला नंबर शे ना. साहेबनं नंतरनं काय खरं?"

"पोऱ्यानी गाडी शे," आबा म्हणाले. "आपली काय गाडी शे? आपण उद्या येसूत, परोन दिन येसूत." आणि आत्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाले, "जाय वं, हो पुढे."

विलासचा फोटो झाला. तो आईच्या पायाला हात लावून जो पळाला तो फाटकाबाहेरच दिसला. बस त्याला मिळाली हे नंतर त्याच्या पत्रातून कळलं. मग आत्या खुर्चीवर बसली. ऑपरेटरनं पडद्यावरून नजर न हलवता विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" आत्या बावरली. सवयीनं तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दिराकडे पाहिलं.

"मनाकडे काय देखस?" नथूआबा म्हणाले. "तुनं सांग."

आत्यानं पदर मागे घेतला, कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं आणि मोठ्यांदा आपलं नाव सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यांदा.

नथूआबांना त्या नोंदणीसाठी पुढे अनेक खेटे घालावे लागले. त्या प्रत्येक खेट्याला मी त्यांच्याबरोबर गेले. एवढ्या माणसांना एक यंत्र आणि पत्र्याखालचा हॉल दिल्याबद्दल मी साहेबांविरुद्ध कडक पत्रक काढलं, आणि त्यातला एकही शब्द आज मागे घेणार नाही. लढायचं सोडावं असं त्या दिवसानं मला मुळीच शिकवलं नाही. पण तोवर मी समजत होते की मी हात काढला की सगळं कोसळेल. माणसं माझ्या आवाजावर उभी आहेत. त्या दिवशी माझे दोन्ही हात वर होते, आवाज बंद होता, पाठ फिरलेली होती, आणि जे मला करता आलं नसतं ते माझ्यामागे झालं. नथूआबांच्या मनात काय हललं, वारा का वाहिला, ती बाई कोण, यातलं मला काही सिद्ध करायचं नाही. नानांनी सगळं ऐकून घेतलं, शाईचे हात पुसले आणि म्हणाले, "यंत्र तापलं होतं, थंड झालं. एवढंच." मग थोड्या वेळानं विचारलं, "जड होती का गं?"

मी म्हटलं, "हो नाना. आणि उतरवल्यावर खूप हलकं वाटलं."