ठेवलेला मंत्र

टायमररावांच्या वाशीच्या घराची घंटा दाबली की लगेच वाजत नसे. मनात पाच मोजावे लागत, मग वाजे. नवखा माणूस पुन्हा दाबी आणि मग ती दोनदा वाजे. "दाबल्या दाबल्या वाजली तर परत फिरायचं की नाही, हे ठरवायला माणसाला वेळ कुठे मिळतो?" असे ते म्हणत. तुर्भ्याच्या कारखान्यात ते पॅनेलवरचे टायमर लावत आणि मी तयार माल तपासत असे. नाव कारखान्यानेच ठेवलेले. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, त्यामुळे मला अरे-तुरे करत.

त्यांच्या बोटीवरच्या मेव्हण्याने एकदा परदेशी खेळाचे पुस्तक आणले. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसे व्हायचे, आणि अडले की फासे टाकायचे. रविवारी दुपारी ते, वहिनी आणि मी असे तिघे बसू लागलो; एका रविवारी एक डाव, आणि गोष्ट संपेपर्यंत खेळ चालूच. गोष्ट वहिनी सांगत. टायमरराव मांत्रिक झाले, मी मोजणीदार. नियमांची वही माझ्याकडे.

पुस्तकातले मंत्र त्यांना पटेनात. "बोलला की आग, बोलला की वीज. यात डोकं कुठेय?" म्हणून त्यांनी ठेवलेला मंत्र काढला. आज ठेवायचा, फळ पुढे कधीतरी. काय घडल्यावर, काय होईल, आणि मुदत किती, हे चिठ्ठीवर लिहून ती मेतकुटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. पहिल्या चिठ्ठीत त्यांनी 'दार उघडले की छप्पर कोसळेल' एवढेच लिहिले. कुठले दार, ते राहिले. पुढच्याच डावात त्यांच्या मांत्रिकाने धर्मशाळेचे दार उघडले आणि छप्पर त्याच्याच डोक्यावर आले. वहिनी म्हणाल्या, "घरी दूध आणायला सांगितलं तरी असंच करतात. कुठलं दूध, ते राहतं."

मग आकडे मी बसवले. मुदतीच्या प्रत्येक डावाला मांत्रिकाची एक ताकद खर्च. खेळ संपेपर्यंत ठेवायचा तर एक सोडून सगळी. भांडण झाले ते चौदाव्या नियमावर: मांत्रिक मेला की त्याचे ठेवलेले मंत्र बाद. टायमरराव म्हणाले, "अरे, मेल्यावरच तर त्याची गरज. जिवंत असताना मी आहेच की." मी ऐकले नाही.

माझे लहानपण सोलापूरकडचे. पोहता येत नाही, आणि बस खाडीपुलावर आली की मी आजही पुढच्या सीटचा दांडा धरतो. माझा मोजणीदारही नदीत उतरत नसे. वहिनींना दर वेळी पूल बांधावा लागे.

पुढे टायमररावांची मूत्रपिंडे बिघडली. शेवटच्या दोन-तीन डावांत त्यांचा मांत्रिक अगदीच दुबळा झाला होता. मी हटकले, "सतरा ताकद होती, एक उरलीय. सोळा गेल्या कुठे?"

"गेल्या नाहीत, ठेवल्यात."

मुंबईच्या इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा ते सगळ्यात आधी म्हणाले, "चौदावा नियम तेवढा बदल की."

मी म्हणालो, "खेळ चालू असताना नियम बदलता येत नाही."

"बरं," म्हणाले. "येताना पुलावर भीती वाटली का रे?" मी नाही म्हणालो. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. "भाऊजी, वही तुमच्याकडे आहे, तर हेही असू दे." आत एकच चिठ्ठी होती. 'मोजणीदार पाण्यात पडला, की पाणी त्याला वर धरील. मुदत: खेळ संपेपर्यंत.'

घरी येऊन मी वही काढली आणि चौदावा नियम नीट वाचला. त्यात 'मांत्रिक मेला की' असे आहे. शेवटच्या डावाच्या नोंदीत मांत्रिक नदीकाठी उभा आहे, ताकद एक. तो मेलेला नाही. नियम न बदलताही मंत्र चालू राहत होता. इस्पितळात हे मला सुचायला हवे होते. नियम मीच लिहिला होता.

एखादी गोष्ट पुरती संपली की मी वहीत शेवटच्या डावाखाली 'खेळ समाप्त' असे लिहीत असे. त्या पानाखाली ते अजून लिहिलेले नाही.