हळद-कुंकू लावलेली टोपी

एवढी वर्षं खाकी अंगावर वागवली, खून-दरोडे पाहिले. पण पणदऱ्याजवळच्या त्या दूध प्रकल्पाची आठवण आजही पाठ सोडत नाही. एका निरपराध माणसाला आत टाकायला निघालो होतो मी.

दसरा नुकताच झाला होता. प्रकल्पाचे मालक, सगळे त्यांना आबा म्हणत, तणतणत ठाण्यात आले. "साहेब, आमचा इलेक्ट्रिशियन घातपात करतोय. पिशव्या भरायची लाईन मधीच बंद पडती, मधीच आपोआप चालू हुती. काल एका बाईची बाही पट्ट्यात गेली. हात गेला असता तिचा!"

मी सुपरवायझरला बोलावलं. त्यानं समजावलं, की यंत्र, पट्टा, मोटारी अशी सगळी एकाच केबलवरून एकमेकांना निरोप देतात. निरोप बिघडला की लाईन बिघडते. मग तो बिघडवणार कोण? ज्याला केबल कळते तोच! त्यात खबर अशी, की हा गडी खंडेनवमीच्या यंत्रपूजेला आला नव्हता, आणि दसऱ्याची सुट्टी संपून तो रजेवरून परतला त्याच दिवशी लाईन बंद पडायला लागली. मला तेवढं पुरलं.

तो निमगाव केतकीचा, बौद्ध कुटुंबातला, डिप्लोमा झालेला. नोटीस देऊन बोलावलं. बायको बाहेर बाकावर मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसून राहिली.

"पूजेला का नव्हतास?"

"दर दसऱ्याला आमी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, साहेब. रजेचा अर्ज हाय."

"आणि आलास की लगेच बिघाड?"

"तोच शोधत होतो. भिंतीकडचा केबलचा शेवटचा डबा तेवढा बघायचा राहिला. तितं पोचायच्या आत मला गेटाबाहेर काढलं. एकदा तितं न्या मला."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे पुरावा पुसायला मोकळा, व्हय रे?"

तीन दिवस जबाब घेतला, तीन दिवस तो तेच बोलला. खोटं बोलणारा माणूस रोज थोडं बदलून सांगतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी कानाडोळा केला. वरून फोनवर फोन येत होते, आणि उद्या खरंच एखाद्या बाईचा हात गेला तर काय, या धास्तीनं जेवण जात नव्हतं. अटकेचे कागद तयार झाले.

त्याआधी पंचनामा उरकायला प्रकल्पावर गेलो. माझ्या डोळ्यांदेखत पट्टा थांबला आणि झटक्यात सुरू झाला. बाया किंचाळून मागं सरल्या. तो तर आमच्या ठाण्यात, जबाबाला बसलेला! मग हे कोण करतंय?

आबांनी कार्यालयात चहा मागवला. समोरच्या देव्हाऱ्यात एक बोटाएवढी पितळी टोपी दिसली, हळद-कुंकू लावलेली. "हे काय, आबा?"

"ते व्हय! खंडेनवमीला यंत्रं मी सोता पुसतो. मागच्या, भिंतीकडच्या डब्याला ही नुसतीच बसवल्याली, पुढं वायरच न्हाय. म्हणलं, बिनकामाची दिसती. काढली आन् पान्या-पकडींसंगं पूजेला ठिवली. मग ऱ्हायली तितंच."

शेवटचा डबा! मी कप खाली ठेवला.

गाडी पाठवून त्याला आणवलं. टोपी त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "इहिरीत हाक मारली की आवाज माघारी येतो का न्हाय, साहेब? केबलच्या टोकाला ही नसली की निरोप तसाच माघारी येतो आन् दुसऱ्या निरोपात मिसळतो." त्यानं टोपी पुसून जागेवर बसवली. संध्याकाळपर्यंत लाईन एकदाही अडली नाही.

आबांनी हात जोडले. "चुकलं रं बाबा." तो माझ्याकडं वळून एवढंच म्हणाला, "घरी तुमी येऊन सांगता का? बायकोचा भरोसा हाय माझ्यावर. गावाला तुमचा शब्द लागतो."

दुसऱ्या दिवशी, आठवडी बाजार भरलेला असताना, मी वर्दीत त्याच्या दारात गाडी उभी केली. आजूबाजूच्यांना बोलावून चूक माझी होती हे मोठ्यानं सांगितलं. त्याच्या बायकोनं चहा दिला, पण माझ्याकडं पाहिलं नाही. मला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

टोपी निघाली त्या दिवशी तो नागपुरात होता. त्याच्या बाजूनं याहून मोठी साक्ष नव्हती, आणि मी माझ्या अक्षरात तीच गैरहजेरी त्याच्याविरुद्ध लिहून ठेवली होती.